बाबांचा डोलड्रम

बाबा लग्नाआधी शिडाच्या मालवाहू जहाजावर खलाशी होते. पुढे ते बंदरातल्या गोदामात चिकटले, पण जहाजावरचा एक शब्द त्यांनी घरी आणला आणि जन्मभर वापरला. डोलड्रम. विषुववृत्तापाशी समुद्राचा एक पट्टा असतो, तिथे वारा साफ पडतो. शिडं लोंबत राहतात, जहाज जागचं हलत नाही आणि खलाशांना हातावर हात ठेवून बसण्यावाचून गत्यंतर नसतं. त्या पट्ट्याचं हे नाव.

घरात मात्र तो शब्द कशालाही चालायचा. घराच्याच पुढच्या खोलीतल्या आईच्या शिवणाच्या दुकानात गिऱ्हाईक फिरकलं नाही की डोलड्रम. बँकेतली रांग सरकेना, डोलड्रम. माझं लग्न जमेना तेव्हाही त्यांनी मावशीला हसत हसत हेच सांगितलं. आईनं त्यावरून चांगला अबोला धरला होता.

निवृत्त झाले आणि वर्षाच्या आत अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. दवाखान्यात आईनं विचारलं, "मला ओळखलंत का?" बाबांनी तिच्याकडे नीट पाहिलं, ओठ जुळवले आणि म्हणाले, "डोलड्रम."

डॉक्टरांनी समजावलं की असं होतं कधी कधी. त्यांना कळतं सगळं, बोलायचंही असतं बरंच, पण जिभेवर एवढाच शब्द उरलाय.

घरी आणल्यावर आई तो एक शब्द नव्यानं शिकली. हळू म्हटला तर पाणी, तुटक म्हटला तर कूस बदलायची, लांबवला तर पंखा. मशीनवरून मान वर न करता ती म्हणायची, "हो, आले." शेजारचे काका पत्ते खेळायला येत. डाव जिंकला की बाबा तोच शब्द असा काही ठासून म्हणत की काकाच आधी हसत. मग बाबाही हसत, अर्ध्या तोंडानं.

असं वर्षभर निभलं. मग एका रविवारी दुपारी त्यांनी डाव्या हातानं दुकानाच्या दाराकडे बोट दाखवलं आणि तो शब्द अगदी नव्या सुरात म्हटला. आईनं पाणी आणलं, उशी बदलली, खिडकी उघडली, रेडिओ लावला, मावशीला फोन लावून दिला. दर वेळी ते डोळे मिटून मान हलवत आणि पुन्हा तेच म्हणत, आधीपेक्षा मोठ्यानं. मी कागद-पेन्सिल दिली. नुसत्या वेड्यावाकड्या रेघा उमटल्या. शेवटी ते पलंगाच्या कठड्यावर मूठ आपटायला लागले.

आई त्यांच्या पायाशी बसली. "अहो, मला नाही हो कळत. काय करू मी?"

मूठ थांबली. बाबा तिच्याकडे बघत राहिले, त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि त्यांनी तिच्या हातावर थोपटलं. जणू सांगता येत नव्हतं ते तिलाच.

त्या दिवसापासून ते बोललेच नाहीत. डॉक्टरांनी पुन्हा तपासलं, दुसरा झटका वगैरे काही नव्हता. भरवलं की जेवतात, वळवलं की वळतात. काका येतात, बसतात, जातात.

परवा आई मशीनवर बसल्या बसल्या म्हणाली, "माझे डोळे दुखायचे ना, म्हणून त्या रविवारी दुकान बंद कर म्हणत असतील का गं?"

मी म्हटलं, असेल.

"का चालूच ठेव म्हणत असतील?"

तिनं सुई आणि दोरा माझ्यापुढे धरला. मी ओवून दिला.