पेट्रोलचा दाब बघणारे बापूराव

बापूराव मेकॅनिक आधी बॉनेट उघडत नसत, आधी मालकाचं तोंड बंद करत. "अहो, आपण बोलताय म्हणून गाडीचं ऐकू येत नाहीये," असं म्हणाले, की भलेभले वकील नारायण पेठेतल्या त्यांच्या गॅरेजच्या फळीवर मुकाट्यानं बसत. पाटी त्यांनी कधी लावली नाही. ज्याला यायचंय त्याला पत्ता माहीत आहे, बाकीच्यांशी आपल्याला काय करायचंय, असा त्यांचा सवाल असे.

माझ्या वडिलांशी मात्र त्यांचं जमायचं. बाबा गणिताचे निवृत्त मास्तर, तेवढेच तिरकस. गाडी ठणठणीत असली तरी रविवारी सकाळी ते ती घेऊन बापूरावांकडे जात आणि दोघं तासभर एकमेकांना टोमणे मारत.

पुढे एकदा बापूराव दोन महिने लेकीकडे गेले आणि तेव्हाच गाडी बंद पडू लागली. अर्धा तास चालली की आचके द्यायची, थांबायची, थोड्या वेळानं पुन्हा सुरू व्हायची. दुसऱ्या गॅरेजवाल्यानं कार्बोरेटर साफ केला, पेट्रोलचा पंप बदलला. फरक शून्य. "माझाच पाय चुकतो बहुधा," बाबा एक दिवस म्हणाले. हे जन्मात स्वतःची चूक कबूल न केलेल्या माणसाच्या तोंडून! आम्ही मुलांनी ठरवलं, आता गाडी विकायची.

त्याआधी, बापूराव लेकीकडून परतल्यावर, एकदा त्यांना दाखवली. "पंप बदलला? पार्ट बदलणं ही दुरुस्ती नव्हे ताई, ती खरेदी." त्यांनी कार्बोरेटरकडे जाणारी नळी काढून तिच्या तोंडावर अंगठा धरला आणि मला स्टार्टर मारायला लावला. "दाब चांगलाय. चला सर, कात्रजला."

बाबा चालवत होते, मी शेजारी, बापूराव मागे डोळे मिटून. घाटात गाडी आचके देऊन थांबली. बाबांनी आधी स्वतःच्या पायाकडे पाहिलं. बापूराव उतरले ते पुढे न जाता मागे गेले, मीही गेले. त्यांनी टाकीचं झाकण फिरवलं, तर फुस्सकन हवा आत शिरली. झाकणाखाली धुऊन घडी घातलेली दुधाची पिशवी होती. पेट्रोल उडून जाऊ नये म्हणून बाबांनी घट्ट बसवलेली! झाकणाच्या बारीक भोकातून टाकीत हवाच जात नव्हती, मग पंपानं कितीही ओढलं तरी पेट्रोल येणार कुठून?

मी बोलणार, तोच बापूरावांनी पिशवी खिशात कोंबली. "नळीत कचरा होता, सर," ते मोठ्यानं म्हणाले. "तुमचं ड्रायव्हिंग होतं तेवढंच वाईट आहे." बाबा कितीतरी दिवसांनी हसले. दुसऱ्या दिवशी बापूरावांनी कुलपाचं झाकण बसवलं. यातून पेट्रोल उडत नाही, हेही ठासून सांगितलं.

गिऱ्हाइकाची चूक चारचौघांत सांगणारा हा माणूस! मी नंतर त्यांना एकटं गाठून विचारलं, "खोटं का बोललात?"

"खरं सांगितलं असतं तर सरांनी गाडी सोडली असती," ते पाना पुसत म्हणाले. "मग रविवारी मी कुणाशी भांडू?"

त्यानंतर सहा वर्षं बाबांनी गाडी चालवली. ती एकदाही बंद पडली नाही. बापूराव गेले त्या दिवशी बाबा स्वतः गाडी घेऊन त्यांच्या घरी जाऊन आले. आल्यावर किल्ली माझ्या हातात ठेवली.

"विकून टाक," म्हणाले. "आता जायचंय कुठे?"