चार महिन्यांची सीनियॉरिटी

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, युनियनमधल्या दोस्तांना तर नाहीच. तुम्हाला सांगतोय, कारण – कारण काय, आता पोटात राहत नाही म्हणून.

शिरवण्याजवळच्या एका कारखान्यात मी पॅकिंगला होतो. दशरथही तिथेच, शिरवणे गावातलाच. दोघं एकाच दिवशी कामाला लागलो. सगळ्यांच्या पाळ्या दर आठवड्याला बदलायच्या. कायमची पहिली पाळी, सात ते तीन, फक्त सीनियर माणसाला. एकदा अशी एकच जागा रिकामी झाली. युनियनचा नियम सरळ होता – रुजू तारीख एक असेल तर वयानं मोठा तो सीनियर. वय शाळेच्या दाखल्यावरचं. दाखल्यावर मी चार महिन्यांनी मोठा.

आणि खरं? शाळेत लवकर घेता यावं म्हणून मास्तरांनी माझं वय वर्षभर वाढवून लिहिलं होतं. आईनं हे कितीदा तरी हसत सांगितलेलं. मोठा दशरथच होता.

त्याला ती पाळी कशाला हवी होती? त्याच्या चार वर्षांच्या पोरीला, हर्षदाला, ऐकू येत नव्हतं. तिला बोलायला शिकवणारा वर्ग वाशीत, रोज दुपारी चारला. बायको वारलेली, म्हाताऱ्या आईला बसमध्ये चढवत नसे. न्यायला तो एकटाच.

आणि मला? मला – लिहितानाही लाज वाटते – दुपारची झोप हवी होती. एवढंच.

जागा त्याला द्या, असं मी कमिटीला एका ओळीत लिहून दिलं असतं तरी भागलं असतं. दशरथ भांडला नाही. गेटपाशी मला बाजूला घेऊन त्यानं विचारलं, "तू खरंच मोठा हायस ना रे? मंग हक तुझाच. मी नाय आडवा येनार."

मी हो म्हणालो. त्याच्या डोळ्यांत बघून.

दुपारपाळीच्या आठवड्यात पोरीचा वर्ग बुडायचा, रातपाळीच्या आठवड्यात हा झोपेनं कोसळायचा. वर्षभरात वर्ग सुटला. मी मात्र पंखा लावून पडायचो – आणि झोप यायची हो, छान यायची. तेच जास्त खुपतं.

परवा त्याच्याकडे गेलो होतो. हर्षदा आता मोठी झालीय, हातांच्या खुणांनी बोलते. मला बघून तिनं भराभर काहीतरी विचारलं. मला कळलं नाही. दशरथ हसून म्हणाला, "इचारते, काका जेवून जाशील ना?"

जेवलो. तिनं आग्रह करून वाढलं, तेवढं सगळं जेवलो. हात धुतले आणि घरी आलो.