एका कोंचमचं वजन

पहिल्या रविवारी सकाळी सात वाजता माझं वजन एक्क्याण्णव किलो चारशे ग्रॅम भरलं. हजर: मी, वजनकाटा आणि फोनच्या पडद्यावर माझी बायको सुधा. लेकीच्या बाळंतपणासाठी ती तीन महिने पुण्याला गेली होती. कोठी भागातल्या डॉक्टरांनी बजावलं होतं, "दोन महिन्यांत सहा किलो उतरवा, नाहीतर शुगरची गोळी सुरू. कायमची." वर म्हणाले, "सगळा देशच फुगतोय, तुम्ही एकटे नाही." (बरकतपुऱ्यातल्या आमच्या तीन रिकाम्या खोल्या त्यांनी पाहिलेल्या नव्हत्या.)

मी वही सुरू केली. रात्री दोन फुलके, काकडी शंभर ग्रॅम. बोलायला कुणी नसल्यामुळे जेवण सात मिनिटांत उरके. तेही लिहिलं.

आठव्या मिनिटाला बेल वाजे. समोरच्या फ्लॅटमधल्या सरोजम्मा. निवृत्त शिक्षिका, यजमान जाऊन दोन वर्षं झालेली.

"भाईसाब, अकेले हैं ना आप? कोंचम पुलिहोरा."

कोंचम म्हणजे तेलुगूत थोडंसं. मी लिहिलं: चिंचेचा भात, एक कोंचम, वीस ग्रॅम. डबा रिकामा होईपर्यंत त्या खुर्चीत बसून बोलत. मी सावकाश खाई.

पाचव्या रविवारी काटा त्र्याण्णववर.

"अहो, वहीत काकडी आणि वीस ग्रॅम भातच दिसतोय," सुधा पडद्यावरून म्हणाली. "वीस ग्रॅमनं दीड किलो?"

(एक किलो सहाशे. पण मी दुरुस्ती सुचवली नाही.)

"काटा बिघडला असेल."

"गेल्या महिन्यात आणलाय तो."

त्या रात्री मी डबा भरलेला तोलला, रिकामा तोलला, वजाबाकी केली. एक कोंचम बरोबर सहाशे चाळीस ग्रॅम!

दुसऱ्या दिवशी मन घट्ट केलं. "अम्मा, डॉक्टर मना करे. अब नक्को."

"हौ. नक्को तो नक्को," म्हणत त्या डबा घेऊन परत गेल्या.

सहा दिवस बेल वाजली नाही. वजन आठशे ग्रॅम उतरलं. सुधानं फोनवर टाळ्या वाजवल्या. जेवण आता पाच मिनिटांत उरकू लागलं होतं.

सातव्या दिवशी न राहवून मीच त्यांची बेल दाबली. सरोजम्मांचा चेहरा पडलेला.

"डॉक्टर मेरे कू भी आधा खाना बोले थे, भाईसाब. मेरे कू दो जनों का पकाने की आदत. तो आधा आपकू देती थी. डेढ किलो कम हुई थी मैं. अब पूरा मैंच खा रही."

डॉक्टर तेच, कोठीचे. म्हणजे देशाचं एकूण वजन जिथल्या तिथेच होतं. फक्त आमच्या मजल्यावर ते या दारातून त्या दारात जात होतं.

अर्थात डबा पुन्हा सुरू झाला. दोन महिने भरले तेव्हा सहा किलो उतरण्याऐवजी दोन किलो चढले होते. गोळी सुरू झाली.

"गोली खाने के पहले लेना, कि बाद में?" सरोजम्मांनी डबा हातात धरून काळजीनं विचारलं.

डॉक्टरांनी 'जेवणाआधी' असं लिहून दिलं होतं. गोळी घेऊन, फुलके खाऊन मी हातही धुतले होते.

"बाद में, अम्मा," मी म्हणालो. "पेट भर खाने के बाद."