कारकून बुकात नाही

माझा कारकून अडीच वर्षं जगला आणि एका रविवारी दुपारी, चहा यायच्या आत, गेला. त्याला मारणारी दोन पुस्तकं मीच सदर बाजारातून सायकलच्या कॅरिअरला बांधून आणली होती.

साल ऐंशी ते त्र्याऐंशी. आम्ही चौघं कॉलेजची पोरं दर रविवारी धरमपेठेत एका मित्राच्या घरी जमायचो आणि एक विलायती खेळ खेळायचो. पट नाही, पत्ते नाहीत. एकानं गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतली माणसं व्हायचं. कोणी तलवारवाला, कोणी जादूगार. समोर भुयार आहे, आत राक्षस आहे, बोला, काय करता? वार लागला की नाही ते डब्यातल्या वीस चिठ्ठ्या सांगायच्या, कारण खेळाला लागणारा वीस बाजूंचा फासा अख्ख्या नागपुरात कोणी पाहिला नव्हता. इतवारीतल्या एका दुकानदारानं तर विचारलं होतं, सहा बाजूंनी हरून तुमचं पोट नाही भरत काय?

गोष्ट सांगायचा तो यजमान मित्र. त्याला आम्ही साहेब म्हणायचो.

पुस्तक म्हणावं असं आमच्याकडे काही नव्हतंच. साहेबाच्या मोठ्या भावानं होस्टेलात कोणाचं तरी पुस्तक दोन दिवस मिळवून एका लांब रजिस्टरात उतरवून काढलं होतं. जागा वाचवायला गड्यानं शब्द छाटले होते. एका भूमिकेचं नाव नुसतं सी, एल, ई, आर आणि टिंब. खाली लिहिलेलं, जखमा बऱ्या करतो, हातातलं चिन्ह दाखवून भुतं पळवतो. आम्ही नागपूरची पोरं, अर्ध्या घरांत बाप सरकारी कचेरीत. सी एल ई आर म्हणजे क्लर्क, चिन्ह म्हणजे शिक्का, यात शंका घ्यावी असं कोणाच्या डोक्यातही आलं नाही. माझे बाबा कारकून, आमच्या घराण्यातला पहिला खुर्चीवर बसलेला माणूस. मी तेव्हाच हात वर केला.

आणि काय कारकून होता तो! तलवारवाल्याचा हात खांद्यापासून लोंबत असला तरी आधी अर्ज कर म्हणायचा. मंजुरीचा शेरा पडला की हात आपोआप चिकटायचा. एकदा सतरा हजार भुतं एका किल्ल्यातून चालून आली. माझ्या कारकुनानं शिक्का वर धरला आणि सांगितलं, कागदपत्रं अपुरी आहेत, उद्या या. सगळी परत गेली. त्यांचा राजा तर रांगेत उभा राहून पावती मागत होता. बाबा सोमवारी सकाळी दाढी करताकरता विचारायचे, काल कोणतं प्रकरण निघालं? मी सांगायचो. ते गंभीरपणे एखादा कचेरीतला शब्द सुचवायचे, आणि पुढच्या रविवारी तो शब्द एखाद्या राक्षसाच्या कपाळी बसायचा.

सदरला जुन्या पुस्तकांचं एक दुकान होतं. परदेशी परत गेलेल्या कोण्या कुटुंबाची रद्दी तिथं आली होती, आणि मुखपृष्ठावर आग ओकणारा सरपटणारा प्राणी पाहून दुकानदारानं ती दोन्ही पुस्तकं पोरांच्या चित्रं रंगवायच्या वह्यांत टाकली होती. मी ती एवढ्या घाईनं बाहेर ओढली की वरची पाच पुस्तकं खाली आली. आमच्या खेळाची खरी, छापील पुस्तकं. समोरच्या कडुलिंबाखाली सायकल लावून मी दोन तास नुसती चित्रं पाहिली. तीन डोक्यांचे, डोकंच नसलेले, भिंतीतून निघणारे, पाण्याचेच बनलेले. पुस्तकाच्या कागदाला वेगळाच वास होता, तो मी पोटभर घेतला. मजकूर मात्र वाचला नाही. आमचा नियमच होता, नवीन काही मिळालं तर आधी साहेबानं वाचायचं, नाहीतर भुयारात काय आहे ते कळून जातं. मी नियम पाळला. दोन पानं वाचली असती तर दोन्ही पुस्तकं घरी जाताना नाग नदीत टाकली असती.

रविवारी साहेब हसतच बसला होता.

"अरे, तो क्लर्क नाहीच आहे. क्लेरिक आहे. म्हणजे पुजारी."

आम्ही लोळून लोळून हसलो. मी सगळ्यात जास्त. अडीच वर्षं एका पुजाऱ्याला आम्ही शेरे मारायला बसवलं होतं. मग साहेबानं यादी उघडली. पुजाऱ्यानं एक देव निवडायचा असतो, म्हणाला.

मी थट्टेत म्हटलं, आमच्याकडे देव छप्पनपासून बंद आहेत. आजोबांनी त्या साली दीक्षा घेतली आणि घरातून देव गेले ते गेले. मित्रांना ते माहीत होतं. विषय कधी निघाला नव्हता, आणि त्याला मी त्यांचा मोठेपणा समजत होतो.

तलवारवाला काटोलकडचा, संत्र्याच्या बागेवाल्यांचा पोरगा. तो सहज बोलून गेला, "मंग तू पुजारी कसा होशीन गा? तुमच्यात तं..."

तिथं थांबला, आणि चिठ्ठ्यांचा डबा उगीचच हलवू लागला.

"मले पुजारी नाही व्हायचं," मी म्हटलं. "मी कारकूनच राहतो."

"कारकून बुकात नाही," साहेब म्हणाला. अगदी मऊ आवाजात म्हणाला. "पुजारी मी चालवतो. तू असं कर, चोर घे. चोर मस्त असतो."

त्याच्या मनात काही नव्हतं. मी चाळीस वर्षं उलटूनपालटून पाहिलं, खरंच काही नव्हतं. असतं तर भांडता आलं असतं. जादूगार खिडकीबाहेर बघत होता. माझ्या कारकुनाचं नाव, सामान, पराक्रम असा सगळा कागद पेन्सिलीनं लिहिलेला होता. साहेबानं रबर घेतलं, वरचं नाव खोडलं, फुंकर मारून कचरा उडवला आणि त्याच जागी पुजारी लिहिलं. शिक्का, सतरा हजार भुतं, सगळं तसंच राहिलं, फक्त माझं नव्हतं. मी म्हटलं, घरी काम आहे. कोणी थांब म्हटलं नाही.

बाबा दारातच पेपर वाचत बसले होते.

"आज लवकर आला?"

"साहेबानं माझं पद रद्द केलं."

त्यांनी पेपर खाली केला. "लेखी देल्लं काय?"

"नाही. तोंडीच."

"मंग रद्द नाही झालं. लेखी मांग त्याले." मग म्हणाले, "काहून केलं पण?"

"बुकात नाही म्हणे."

त्यांनी पेपराची घडी घातली. पुढं काही विचारलं नाही. कचेरीत त्यांनाही कोणी काय काय तोंडी सांगितलं असेल, ते मीही कधी विचारलं नव्हतं.

पुढच्या रविवारी तलवारवाला न्यायला आला. फाटकाशी सायकल उभी करून त्यानं दोनदा घंटी वाजवली, मग थांबून आणखी एकदा. आई म्हणाली, जा ना, तो वाट पाहून राहिला. मी म्हटलं, सांग, घरी नाही. ती बाहेर गेली आणि तिनं तसं सांगितलं. त्याला मी खिडकीतून दिसत होतो, तरी तो बरं म्हणाला आणि गेला.