चार चेंडू राहिले होते

हरायला आलं की पळून जाणाऱ्या माणसांचा मला मनापासून राग येतो. मोबाइलवरच्या क्रिकेटबद्दल बोलतेय मी. पाच षटकांचा सामना, समोर कुठला तरी अनोळखी माणूस, एकेक करून मी त्याचे गडी टिपलेले. शेवटचा गडी उरतो, आणि पडदा एकदम गोठून पाटी येते की समोरच्याचं नेट गेलं, सामना रद्द. नेट जात नसतं हो. त्यानं ते बंद केलेलं असतं. गेमचा नियमच असा बावळट, की सामना रद्द झाला तर हरणाऱ्याचे गुण कापत नाहीत आणि जिंकणाऱ्याला काही देत नाहीत. म्हणजे मी पंधरा मिनिटं डोळे फोडायचे, त्यानं शेपूट घालून पळायचं, आणि वर त्याचा नंबर शाबूत.

सगळं त्या नंबरापायी. गेममध्ये जिल्ह्याची एक यादी असते. महिनाअखेरीला पहिल्या दहात जे असतील त्यांच्या संघाभोवती सोनेरी चौकट येते, ती पुढचा महिनाभर राहते. बेचाळीस वर्षांच्या बाईला त्या चौकटीचं काय एवढं, असं कुणीही म्हणेल. माझ्या ऑफिसातपण एक यादी आहे, ज्येष्ठता यादी. तिच्यात मी सोळा वर्षं जवळपास त्याच जागेवर बसलेय. वरचा निवृत्त झाला की बाहेरून बदलीवर दुसरा येतो आणि माझ्या डोक्यावर बसतो. गेममध्ये निदान जिंकलं की माणूस वर सरकतो. दुपारच्या सुट्टीत एका हातानं डबा खात खात मी सत्तराव्या नंबरावरून अकरावर आले होते. पहिल्या दहासाठी एक पायरी राहिली होती आणि रोज कुणीतरी हातातोंडाशी आलेला घास काढून पळत होतं.

त्यांचे प्रकार मला पाठ झाले होते. एक जण पहिली विकेट पडताच गायब. एक जण जात नाही, नुसता बसून राहतो, मी कंटाळून बंद करावं म्हणून. एकानं तर आधी हात जोडल्याचं चित्र पाठवलं आणि मग पळाला. अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा. मी त्या सगळ्यांना पळपुटे म्हणायचे, मेसेज करून, तोंडावर, आणि घरी असले की मोठ्यानंसुद्धा. सासूबाई बाहेरच्या खोलीतून विचारायच्या, "ऑफिसातलं कोण गं?"

त्या सगळ्या गर्दीत एकच माणूस कधी पळाला नाही. नावाच्या जागी त्यानं बोकडाचं चित्र लावलेलं, शेजारी त्याचा नंबर, चाळिसाच्या आसपास. पहिल्यांदा खेळलो तेव्हा मी त्याला पार धुऊन काढलं. तरी शेवटच्या चेंडूपर्यंत खेळला आणि लिहिलं, "लई भारी खेळला दादा." गेममध्ये मला सगळे दादाच म्हणतात, मीही कधी दुरुस्त केलं नाही. हरायला लागल्यावर पळत का नाहीस, असं मी त्याला एकदा विचारलं होतं. तो अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या मागावर काम करायचा. म्हणाला, "पाळी सुटली तरी आमी मशीन बंद करून जात न्हाय दादा. चालू मशीनच दुसऱ्याच्या हातात द्यायचं. तीच सवय लागलीया." मूळचा सांगोल्याकडचा. इथं खोली घेऊन आईला घेऊन राहिलेला. आईचे गुडघे गेलेले, तिला भरली घागर उचलत नाही. हे सगळं दोन सामन्यांच्या मधल्या मिनिटांत कळलेलं.

असंच बोलता बोलता कळलं, की आमच्या दोघांच्या गल्ल्या एकाच पाण्याच्या टाकीवर आहेत. मी टाकीच्या अलीकडं, तो पलीकडं. आमच्याकडं चार-पाच दिवसांनी पाणी येतं, आणि ते सकाळी येईल का दुपारी हे सोडणाऱ्यालाही माहीत नसावं. मग आमचं ठरूनच गेलं, ज्याला आधी कळेल त्यानं दुसऱ्याला कळवायचं. मी कळवलं की तो कुणाला तरी मागावर उभं करून सायकलीनं घरी यायचा, भरून ठेवायचा, परत जायचा. सहा-सात वेळा तरी असं झालं असेल. माझा निरोप कधी खोटा निघाला नव्हता.

त्या महिन्याचा शेवटचा दिवस शनिवारी आला. मला सुट्टी होती. सकाळीच मी दहावर पोचले होते. अकराव्या नंबरावरचा जेमतेम चार गुणांनी मागं. शहाण्या माणसानं मोबाइल ठेवून दिला असता. मी म्हटलं, अजून एक जिंकून पक्कं करू. दुपारी त्याचा बोकड दिसला, आणि मला तो सोपा वाटला. खोटं कशाला सांगू, म्हणूनच त्याला निवडलं.

तो असा खेळला की काय सांगू. टाकेन तो चेंडू सीमेपार. शेवटचं षटक माझं, त्याला तीन धावा हव्या होत्या, चार चेंडू बाकी, गडी भरपूर. आपल्यापेक्षा तीस नंबर खालच्याकडून हरलं की गुण फार कापतात. मी सरळ तेरावर गेले असते. अंगठ्यानं पडदा खाली ओढला आणि नेट बंद केलं. विचारबिचार काही केला नाही. माझा अंगठा मला विचारायला थांबला नाही एवढंच.

दोन मिनिटांनी नेट चालू केलं. सामना रद्द. दहावा नंबर जागेवर. त्याचा मेसेज आलेला, "काय झालं दादा? नेट?" नेट म्हणायला लाज वाटली. ती सबब मी इतक्या जणांच्या तोंडावर परत फेकली होती. पाण्याचा पाचवा दिवस होता. मी लिहिलं, "पाणी आलं हो, पळावं लागलं."

लिहून झाल्यावर मी चहा टाकला. म्हणजे बघा, मला तेव्हाही कळलं नाही मी काय केलं ते.

पाऊण तासानं मेसेज आला. "घरी आलो. नळ कोरडा हाय. तुमच्याकडं चालू हाय का?" तो भर उन्हात सायकल मारत आला होता. तेव्हा तरी खरं सांगायचं की नाही? मी लिहिलं, "थोडंच आलं, गेलं." त्यानं लिहिलं, "मग आता आमच्याकडं फिरवतील. थांबतो." पाचला पुन्हा, "आलं न्हाय दादा. आज पाळी गेलीच." मी यादी उघडून माझा नंबर पाहिला.

संध्याकाळी चौकट आली, सोनेरी. सासूबाईंना दाखवली. त्यांनी चष्मा लावून पाहिली आणि विचारलं, "याचं मिळतं काय?" माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या, त्यांच्यावर उगाच ओरडले.

पाणी सोमवारी आलं. मी ऑफिसात होते, दुपारी सासूबाईंचा फोन आला की नळ सुटलाय. मी टायपिंग टाकून त्याला आधी लिहिलं. बोकडाशेजारी हिरवा ठिपका होता, म्हणजे जेवणाच्या सुट्टीत तो खेळत होता. त्यानं वाचलं. मग लिहिलं, "व्हय का." आणि थोड्या वेळानं, "खेळा दादा. तुमचा नंबर ऱ्हाऊ द्या."

त्याला सगळं कळलेलं होतं. बहुतेक शनिवारीच, कोरड्या नळापाशी. मी लिहिलं, खरंच आलंय. लिहिलं, आईंना सांगा. लिहिलं, शनिवारी मी खोटं बोलले, आज नाही. पुढचं त्यानं उघडलंच नाही. हिरवा ठिपका तसाच, तो दुसऱ्या कुणाशी तरी सामना खेळत होता, आणि आमच्याकडं पाणी चाललं होतं. तासाभरात गेलं, असं सासूबाई म्हणाल्या. आता पुन्हा चार-पाच दिवस.

ऑफिस सुटल्यावर मी घरच्या पिंपातून दोन कॅन भरले, स्कूटीवर पुढं ठेवले आणि टाकीच्या पलीकडं गेले. गल्ली निमुळती, दोन्ही बाजूंनी खोल्याच खोल्या, दारादारांत निळे ड्रम. एका दारात बाई भांडी घासत होती. मी विचारलं, टॉवेलच्या मिलमध्ये जातात ते कुठं राहतात, आईचे गुडघे दुखतात त्यांच्या.

"हितं समदेच मिलमध्ये जातात," ती म्हणाली. "अन् गुडघे तर माझेबी दुखतात. नाव काय त्यांचं?"

मला त्याचा नंबर तेवढा माहीत होता. एकेचाळिसावा.