गाडी दसऱ्याआधी

जिल्ह्यातले आम्ही विज्ञानवाले पहिल्यांदा एकत्र बसलो ते भिंगारला, माझ्या शाळेच्या सभागृहात, जूनमधल्या एका रविवारी. विज्ञानवाले म्हणजे गावोगाव प्रयोग दाखवणारे, आकाशदर्शन घडवणारे, प्रदर्शनांची तयारी करून घेणारे शिक्षक. जो तो आपापल्या वाटेने जाई. त्यामुळे एखाद्या शाळेत वर्षात तिघे पोचत आणि एखादीत कोणीच नाही. विज्ञान सगळ्या मुलांपर्यंत जावं, एवढ्यासाठी मी सगळ्यांना बोलावलं होतं. यादी तयार होती: शाळा, कोण गेलं, कधी गेलं. जिथे कोणीच गेलं नव्हतं, तिथे लाल ठिपका. ठिपके थोडेच निघाले. चहाआधी ते वाटून मोकळं व्हायचं, असा माझा बेत होता.

पाथर्डीकडच्या एका खेड्यातल्या बाई मागच्या रांगेत बसल्या होत्या. त्यांच्या शाळेपुढे ठिपका नव्हता. प्रयोगांचं साहित्य घेऊन शाळाशाळांत फिरणारी गाडी जानेवारीत तिथे जाऊन आली होती. तरी त्यांनी हात वर केला.

"मॅडम, गाडी आली हे खरंय. पण माझी पोरं नव्हती. दसरा झाला की ती आईबापासंगं ऊसतोडीला जातात. गाडी आली तेव्हा वर्गात सहा जण होते."

मी यादीतला तारखांचा रकाना वरपासून खाली पाहिला. डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी. प्रदर्शनं तेव्हा, विज्ञान दिन तेव्हा, आकाश निरभ्र तेव्हा. आमच्या सगळ्या सोयी त्याच तीन महिन्यांत आणि ती मुलं नेमकी त्याच महिन्यांत गावाबाहेर. कोणी मुद्दाम केलं नव्हतं. पण रकाना मीच आखला होता आणि त्यात हजेरीला जागाच ठेवली नव्हती.

बाईंचं मागणं मोठं नव्हतं. शाळा सातवीपर्यंतची. सातवीतल्या काही मुली पुढे हायस्कूलला जातील की नाही, याची त्यांना खात्री नव्हती. "दसऱ्याआधी एकदा आणा," त्या म्हणाल्या. "पुढच्या वर्षी बघू म्हणू नका. पुढच्या वर्षी ही पोरं माझ्याकडं नसतील."

गाडी चालवणारे आणि प्रयोगही दाखवणारे सर पारनेरचे. त्यांना पावसाळ्यातल्या काळ्या मातीचा धसका होता.

"बाई, तुमच्या रस्त्यात गाडी रुतली तर पहिला प्रयोग तरफेचाच करावा लागंल."

"करा की सर. बघायला गर्दी तरी होईल."

सगळे हसले, पण सप्टेंबरचे दिवस काही मोकळे होईनात. शहरातल्या शाळांनी ते सहामाहीआधीचे म्हणून केव्हाच धरून ठेवले होते. त्यांतले दोन माझ्याच शाळेचे होते. मी तिथेच ते खोडले आणि पाथर्डी लिहिलं. आमच्या मुख्याध्यापिकांना दुसऱ्या दिवशी सांगितलं, तेव्हा आपल्या मुलींनी काय घोडं मारलंय, असं त्यांनी विचारलं. आपल्या मुली जानेवारीत इथेच असतात, एवढंच मी म्हटलं. त्या आठवडाभर माझ्याशी मोजकं बोलल्या, मग बदलाच्या पत्रावर सही केली.

सप्टेंबरात आम्ही गेलो. आदल्या रात्री पाऊस झाला होता, म्हणून सरांनी गाडी फाट्यावरच उभी केली. बाईंनी ट्रॅक्टर पाठवला, ट्रॉलीत पोत्यांवर पेट्या ठेवल्या आणि सूक्ष्मदर्शक मी मांडीवर घेऊन बसले. सातवीचा वर्ग पूर्ण हजर होता. मुलांनी कांद्याचा पापुद्रा पाहिला, डबक्यातलं पाणी पाहिलं, आणि एकदा नळी वर-खाली करायचं जमल्यावर सरांना कोणी हात लावू देईना.

माझ्या वेळापत्रकात एक वाजता समारोप होता. त्याच सुमाराला आया दारात येऊन उभ्या राहिल्या. जानेवारीत त्याही इथे नसतात, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं. त्यांतली एक बाहेर गेली आणि विहिरीजवळच्या बेटातून उसाचं पान तोडून घेऊन आली. तिच्याच मुलीने त्याची कड भिंगाखाली नीट बसवली. आई वाकली ती बराच वेळ उठलीच नाही.

"करवत हाय की गं ही," ती म्हणाली. "दात हायेत. म्हणून हात चिरत्यात व्हय आपलं."

मग प्रत्येकीला ते दात बघायचे होते. मुलगी सगळ्यांना एक डोळा मिटायला शिकवत होती, आणि आपल्या आईला तिने दुसऱ्यांदा रांगेत शिरू दिलं नाही. सरांनी माझ्याकडे पाहून घड्याळावर बोट ठेवलं. मी पेट्यांची झाकणं तशीच उघडी राहू दिली आणि बाईंबरोबर पायरीवर जाऊन बसले. आम्ही निघालो तेव्हा पाच वाजून गेले होते.