दोर विकणाऱ्याची गाठ

कोणत्या तोंडानं सांगू तुम्हाला! पण दुसऱ्या कुणी तिखटमीठ लावून सांगण्याआधी मीच सांगतो. चहा घ्या, गार होतोय.

बारामतीत माझं दोर-ताडपत्रीचं दुकान. तीस वर्षं झाली. शाळा सातवीतच सुटली, पण डोळे मिटून नुसत्या बोटांनी सांगेन, दोर किती जाडीचा, किती पावसाळे टिकेल, आणि गिऱ्हाईक तो घेणार की नुसता हात लावून जाणार.

माझी नात आर्या. तिच्या शाळेनं उजनी धरणाच्या काठी, पळसदेवला मुलांचं शिबिर ठरवलं. तंबूत राहायचं, पक्षी बघायचे. पण मुख्याध्यापकांची अट अशी, की घरच्या मोठ्यांपैकी दोघांनी आधी मुलं सांभाळायचं प्रशिक्षण घेऊन पास व्हायचं. नाहीतर शिबिर रद्द! नावं आली दोनच. एक तिथून जवळच्याच डाळज गावच्या सुनंदाताई, आठ म्हशींच्या मालकीण. दुसरा मी. आर्यानं वर्गात सांगूनही टाकलं, "माझे आबा हायेत ना!"

प्रशिक्षण पळसदेवलाच होतं. आजूबाजूच्या शाळांचे मिळून आम्ही आठजण. शिकवायला कांबळे मॅडम. किडकिडीत बाई, आवाज कधी चढायचा नाही, पण काय बाई होती हो! पहिल्याच तासाला म्हणाल्या, "डोळे मिटा. शेजारच्याच्या पायात काय आहे, सांगा." एकालाही सांगता येईना. "मूल हरवलं की पहिल्यांदा हेच विचारतात," एवढंच बोलल्या आणि पुढं सरकल्या. मी मनात म्हटलं, ही बाई बाजारात बसली असती तर आमची दुकानं बंद पडली असती.

मग आलं दोरकाम. "गाठी कुणाला येतात?"

सुनंदाताई तोंड उघडणार, तेवढ्यात मी उठलो. "मॅडम, तीस वर्षं दोरातच गेली माझी!"

"मग प्रश्नच मिटला. काका, पाण्याकडं उतरायच्या वाटेवर मुलांना धरायला दोर लागेल. तुम्हीच बांधा."

आता खरं सांगतो. मला गाठ येते एकच. दुकानातली! गिऱ्हाईकाचं पुडकं बांधायची. टोक ओढलं की झटक्यात सुटणारी सुरगाठ. घरी जाऊन गिऱ्हाईकाला त्रास नको, म्हणून. पण चारचौघांत दोरवाल्यानं "येत नाही" म्हणायचं? कसं म्हणणार?

वर बाभळीला बांधला, खाली मेखेला बांधला. दिसायला अशी देखणी गाठ, की फोटो काढावा. सुनंदाताई जवळ येऊन हळूच म्हणाल्या, "शेठ, ह्यो फासा आन् टोक भायेर कशापायी ठिवलंय?"

"पद्धत असते ताई."

"म्हशीला आसं बांधलं, तर दुपारच्याला म्हस पुण्यात आसंल."

"म्हैस वेगळी, माणूस वेगळं!"

"व्हय, माणसाला शिंगं नसत्यात," असं म्हणून त्या बाजूला झाल्या.

मॅडमचा नियम होता, मुलांना जिथं न्यायचं तिथं आधी आपण जायचं. दोर धरून त्या उतरायला लागल्या. चार पावलं. सहा पावलं. दोर ताठ! मी सुनंदाताईंकडं असं बघितलं, की जणू धरण मीच बांधलंय.

आणि तेवढ्यात मला बाभळीकडचं ते लोंबणारं टोक दिसलं. जरा गबाळं वाटत होतं. नीट करावं म्हणून हात घातला, आणि तीस वर्षांची सवय हो... ओढलं!

मॅडम गेल्या घसरत, थेट कमरेएवढ्या गाळात. लांब पाण्यात उभा असलेला रोहित पक्ष्यांचा थवा उडाला. माझाही जीव त्यांच्याबरोबरच उडाला.

हसलं कुणीच नाही. आम्ही मॅडमना वर काढलं. चष्म्यावरचा गाळ पुसत त्या म्हणाल्या, "लागलं नाही काका. बरं झालं, मी होते. आर्या असती तर?"

तीस वर्षांत इतक्या थोड्या शब्दांत मला इतकं कुणी बोललं नव्हतं. मान वर होईना.

"येत नाही म्हणायला कमीपणा वाटला?"

"व्हय मॅडम."

"मला बांधता येतं, पण ताईंइतकं नाही. त्यांच्याकडून शिका. उद्या दुपारी परीक्षा. दोघं पास, तरच शिबिर." आणि तशाच गाळानं माखलेल्या पुढच्या तासाला उभ्या राहिल्या! मी तर घरी जाऊन आठ दिवस दार लावून बसलो असतो.

संध्याकाळी गेलो डाळजला, ताईंच्या गोठ्यात. ताई फोनवर बोलता बोलता, न बघता, एका हातानं गाठ मारत होत्या. "म्हस वढती तशी ही पक्की हुती, पर मानंला आवळत न्हाय. बघा." मी बघितली, बांधली. सुटली. पुन्हा बांधली. पुन्हा सुटली. ताई एकदाही वैतागल्या नाहीत. म्हैस मात्र वैतागली.

दुसऱ्या दिवशी परीक्षा. दोराचं एक टोक ताईंनी बाभळीला बांधलं, दुसरं मी माझ्याच कमरेला. मॅडम आणि तिघंजण मिळून मधला दोर ओढायला लागले. मी पार वाकलो, पण गाठ हलली नाही!

"आता सोडा."

सुटेना. मी जोर लावला, मॅडमनी लावला, सगळ्यांनी लावला. ताईंनी वाकून निरखून बघितलं.

"शेठ, ही गाठ मी शिकवल्याली न्हाय."

"मग कुणाची?"

"आपली आपणच झाल्याली दिसती."

मॅडम पहिल्यांदाच खळखळून हसल्या. "धरली, म्हणून पास. सुटत नाही, म्हणून निम्मे मार्क कमी. शिबिरात गाठी ताई बांधतील, तुम्ही फक्त मुलं मोजायची." शिबिर पक्कं झालं! आर्याला लगेच फोन केला.

ताईंनी विळा आणला. मी ओरडलो, "थांबा! नवा कोरा दोर हाय!" माझ्याच दुकानातला दोर, कापायचा जिवावर आला. बाभळीकडची ताईंची गाठ मात्र एका झटक्यात सुटली. राहिलेला दोर अंगाभोवती गुंडाळला आणि मोटरसायकलवरून तसाच बारामतीला आलो.

बायको दारातच उभी होती. तिनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं, लोंबणारं टोक हातात धरलं आणि विचारलं,

"अवं, पास हून आलाय, का दावं तोडून?"